आक्षेप असल्यास कळवावे

थंडी पडते, हा अडाणी माणसांचा समज आहे. थंडी ठरवावी लागते. आणि ती एकट्यादुकट्याने ठरवून भागत नाही. शेजारच्या देशाला मान्य नसलेल्या थंडीला फार तर हुडहुडी म्हणता येईल. पंचवीस-सत्तावीस देशांनी एकत्र बसून, डोक्याला दुभाष्यांची यंत्रं लावून, एकमताने ठरवलेली थंडी हीच खरी थंडी. (देशांचा नक्की आकडा त्या दिवशी जेवायला काय आहे यावर असतो.)

मी ल्युबेन. ब्रुसेल्समध्ये आमच्या देशसंघाचा जो सामायिक खोली-तापमान उपगट आहे, त्याचा इतिवृत्तलेखक. सतरा वर्षं मी लोक काय बोलले ते लिहून ठेवतो, आणि काय बोलले नाहीत तेही. दुसरं काम जास्त असतं. मला स्वतःला बैठकीत बोलायची परवानगी नाही. (खोकायला आहे, पण खोकल्याची नोंद होते.)

आमच्याकडे निर्णय कसे होतात हे आधी सांगतो, कारण त्याबद्दल बाहेर उगाच गैरसमज आहेत. लोकांना वाटतं, आम्ही मतदान करतो. आम्ही इतके उतावळे नाही. चर्चेचं घोंगडं पुरेसं भिजलं की मसुदा सगळ्या देशांना पाठवला जातो आणि खाली एक ओळ असते: अमक्या दिवशी दुपारी बारापर्यंत कोणी काही बोललं नाही, तर सर्वांना मान्य आहे असं समजलं जाईल. याला मौन-पद्धती म्हणतात. लहानपणी आपण सगळे आळीमिळी गुपचिळी खेळलोय, तेच हे. जो बोलेल तो हरला. फरक एवढाच, की इथे खेळ संपला की त्याचा कायदा होतो.

ही पद्धती अत्यंत यशस्वी आहे. गेल्या दहा वर्षांत चारशे बारा मसुदे मौनाला लावले, त्यांतले चारशे नऊ मंजूर झाले. उरलेल्या तीनपैकी दोन वेळा आक्षेप चुकून आला होता, आणि तिसऱ्या वेळी एका प्रतिनिधीने वाढदिवसाचं आमंत्रण चुकीच्या पत्त्यावर पाठवलं होतं.

हल्ली नागरिकांनाही विचारावं असा दंडक निघाला आहे. म्हणून या आठवड्यात मौनाला लावलेलं एक वाक्य तुमच्याही पुढे ठेवतो. कलम ११(ख): ‘हरितगृहात रोपांखेरीज अन्य कोणीही मुक्काम करू नये.’ साधं वाक्य आहे. कोणाला आक्षेप असल्यास ही गोष्ट संपण्यापूर्वी कळवावे. लेखीच हवं असं नाही. बसल्या जागी मोठ्याने ‘आक्षेप’ म्हटलंत तरी नोंद घेतली जाईल.

तर थंडी.

मागच्याच्या मागच्या हिवाळ्याआधी संघात गॅस कमी पडला. कमी पडलेली वस्तू सगळ्यांना सारखी कमी पडली पाहिजे, हा संघाचा पायाच आहे. म्हणून ताबडतोब असं ठरलं, की कोणतीही सार्वजनिक इमारत एकोणीस अंशांपेक्षा जास्त तापवायची नाही. प्रत्येक इमारतीत एक यंत्र बसवलं आणि त्याला शिशाचं सील ठोकलं. एकोणीस झाले की यंत्र बॉयलर बंद करतं. ज्यांना सूट हवी त्यांची नावं परिशिष्ट ३ मध्ये घालायची होती. पण सूट थंडीसाठी, आणि थंडी म्हणजे काय हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते लिहिण्यासाठी आमचा उपगट बसला.

पहिल्याच बैठकीत फिनलंडच्या आउलिक्कीबाई म्हणाल्या, “एकोणीस? अहो, एकोणीस अंशांना आम्ही तळ्यात पोहतो.”

माल्टाचे साल्वू म्हणाले, “पोहा हो बाई! आमच्याकडे एकोणीस झाले की आई पोरांना स्वेटर घालते, आणि पोरं हवी तेवढी रडू देत, काढत नाही.”

“मग पोरांना उकडत असेल.”

“पोरांना विचारतंय कोण! थंडी आईला वाजते.”

हा शेवटचा मुद्दा इतका महत्त्वाचा निघाला, की थंडी कोणाला वाजली म्हणजे ती वाजली असं धरायचं, यावर पुढच्या सहा बैठका गेल्या. अखेर शास्त्रीय मार्ग निघाला. उपगटाने स्वतःवरच प्रयोग करायचं ठरवलं. आमच्या सभागृहातल्या हीटरची कळ पलीकडच्या इमारतीत आहे आणि तिचं कंत्राट वेगळं असल्यामुळे ती कोणाला फिरवता येत नाही. त्यामुळे सभागृहात सव्वीस अंश असतात आणि जानेवारीत आम्ही खिडक्या उघड्या ठेवून बसतो. तर त्या सभागृहात, कोट काढून बसलेल्या सर्व प्रतिनिधींना विचारण्यात आलं, की थंडी वाजते का. एकालाही वाजत नव्हती. मी तशी नोंद केली: ‘थंडीचे अस्तित्व आढळून आले नाही.’

ज्या शब्दावर एकमत होत नाही तो आम्ही चौकटी कंसात घालतो. कंसातली गोष्ट कायद्याच्या दृष्टीने अजून जन्माला आलेली नसते. अडतीस बैठकांनंतर मसुद्यात तीनशे अकरा कंस होते आणि ‘थंडी’ हा शब्द त्यांतल्या सगळ्यात जुन्या कंसात होता.

या काळात दर रविवारी दोब्रिंकामावशीचा फोन यायचा. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. एकतीस वर्षं तिने टोमॅटोच्या कारखान्यात डबे भरले आणि आता एक्क्याऐंशीव्या वर्षी ती बल्गेरियातल्या आमच्या गोर्नो पोले गावात, दान्यूब नदीच्या काठावरच्या वृद्धाश्रमात राहते. आश्रमात सगळी मिळून तेवीस माणसं. पैकी बावीस तिला घाबरतात.

“काय रे ल्युबेन,” ती म्हणायची, “ठरली का थंडी? नाही म्हणजे, इकडे पडलीये.”

“अगं मावशी, चर्चा चालू आहे.”

“चर्चेत गरम होत असेल ना? मग आम्हालाही बोलाव की!”

“तुमच्याकडे एकोणीस अंश आहेत ना पण?”

“आहेत रे बाबा, कोण नाही म्हणतंय! त्या मेल्यांनी यंत्र कुठे ठोकलंय माहितीये? बॉयलरच्या खोलीत. बॉयलरच्या डोक्यावर. तिथे एकोणीस आहेत. आमच्या खोलीत चौदा. आता तेवीस माणसांनी बॉयलरच्या मांडीवर बसायचं का? काल खिडकीच्या फटीपाशी ठेवलेल्या पेल्यात स्पासची कवळी गोठली होती. सकाळभर बिचारा नुसता हसत होता, बोलता येईना.”

स्पासकाका रेल्वेतले निवृत्त सिग्नलवाले. त्यांचे हात थरथरतात आणि मावशी त्यांना रोज बोलते, त्याअर्थी तिचा त्यांच्यावर जीव आहे.

मी कायदेशीर स्थिती समजावून सांगितली. मावशीने शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाली, “तू लहानपणी हुशार होतास रे.” त्या रविवारी मला जेवण गेलं नाही.

उपाय एकच होता. परिशिष्ट ३ मध्ये वृद्धाश्रम यायला हवे होते. परंतु परिशिष्टात कशाला घ्यायचं याची आमची एक न्याय्य रीत आहे: प्रत्येक देशाने एक वस्तू सुचवायची आणि इतरांनी तिला नावं ठेवायची नाहीत, म्हणजे ते आपल्या वस्तूला ठेवत नाहीत. त्यानुसार रुग्णालयं आली, पाळणाघरं आली. मग फिनलंडसाठी सौना नावाची वाफेची न्हाणीघरं, कोणासाठी चीज पिकवायची तळघरं, कोणासाठी शर्यतीच्या घोड्यांचे तबेले, कोणासाठी जुन्या व्हायोलिनचं संग्रहालय आणि नेदरलँड्ससाठी टोमॅटोची हरितगृहं, चोवीस अंश. बल्गेरियाच्या वाटची एक जागा शिल्लक होती आणि ती आमच्या ओग्न्यानच्या हातात होती.

ओग्न्यान हा बल्गेरियाचा प्रतिनिधी. नावाचा अर्थ अग्नी. माणूस मऊ मेणाहून. त्याला राजधानीहून लेखी पत्र आलं होतं: गुलाबाच्या अत्तराची कोठारं. अत्तर थंडीत थिजतं, तिकडे त्याची फार काळजी असते.

तेव्हा मी नोकरीतला एकमेव गुन्हा केला. एका बुधवारी मसुदा स्वच्छ करताना मी परिशिष्टाच्या तळाशी एक शब्द टाकला आणि त्याला चौकटी कंस घातले. [वृद्धाश्रम]. कोणी सुचवला नव्हता. पण कंसातला शब्द सुचवला कोणी हे आमच्याकडे विचारत नाहीत. विचारणाऱ्याला आधीच्या बैठकीत झोप लागली होती, असा त्याचा अर्थ होतो.

शब्द राहिला. अकरा महिने राहिला. साल्वू मला कॉफीच्या रांगेत हळूच म्हणाले, “हे फिनलंडचं काम दिसतंय. आतल्या गाठीची बाई आहे.” आउलिक्कीबाई लिफ्टमध्ये म्हणाल्या, “दक्षिणेकडच्यांची ही चाल कळत नाही असं समजू नका.” दोन्ही बाजूंना तो एकमेकांचा वाटल्यामुळे दोघांनीही त्याला जपलं. मार्चमध्ये तर कोणीतरी त्यात सुधारणाही सुचवली, आणि त्याचं [वृद्धाश्रम [व तत्सम]] झालं. आपल्या पोरीला चांगलं स्थळ आल्यावर बापाला वाटावं तसं मला वाटलं.

पण आमच्याकडे दर सहा महिन्यांनी अध्यक्षपद दुसऱ्या देशाकडे जातं. नोव्हेंबरात ज्या अध्यक्षबाई होत्या त्यांना नाताळाआधी फाईल बंद करायची होती. त्यांनी फर्मान काढलं: ज्या कंसाला मायबाप नाही तो गळेल. कोणाला आपला शब्द राखायचा असेल, तर शुक्रवारी दुपारी बारापर्यंत बोलावं. नाहीतर मौन.

‘थंडी’चा कंस मात्र सुटला. थंडी म्हणजे ‘परिशिष्ट ३ मध्ये नमूद केलेल्या जागी जाणवणारी उष्णतेची कमतरता’ असं सगळ्यांना मान्य झालं. यादीत नसलेल्या जागी त्यामुळे थंडीच उरली नाही. एकाच वाक्यात एवढ्या मोठ्या प्रदेशातली थंडी हटवल्याचं दुसरं उदाहरण इतिहासात नसावं.

गुरुवारी मी ओग्न्यानला उपाहारगृहात गाठलं. त्याच्यापुढे शिंपल्यांचं पातेलं होतं.

“ओग्न्यान, वृद्धाश्रमासाठी एक शब्द बोल. फक्त ‘आमचा आहे’ म्हण.”

“तो आपला आहे?” त्याच्या हातातला शिंपला खाली पडला. “मला वाटलं जर्मनांचा आहे.”

“माझा आहे.”

त्याने इकडेतिकडे पाहिलं. “तू वेडा झालास का रे? हे बघ, माझी आईपण ऐंशीची आहे. मला कळत नाही असं नाही. पण मी तोंड उघडलं, की ते विचारणार, एका देशाला एकच, गुलाब की म्हातारे? आणि गुलाबाचं पत्र आहे माझ्याकडे. म्हाताऱ्यांचं आहे का पत्र?”

“नाही.”

“मग! आणि तू एवढा घाबरतोस कशाला? इतके देश आहेत. कोणीतरी बोलेलच की.”

शुक्रवारी बारा वाजता मी टपाल उघडलं. एकही पत्र नव्हतं. नंतर एकेकाने मला गाठून सांगितलं, की त्याला तो शब्द मनापासून आवडला होता. आउलिक्कीबाईंची आई अशाच एका आश्रमात आहे, असं त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. साल्वू म्हणाले, “मी बोलणारच होतो. पण बाराला पाच कमी होते, म्हटलं एव्हाना कोणी ना कोणी बोललं असेल.” सगळ्यांनी कोणीतरी बोलेल म्हणून मूग गिळले होते. एकमत म्हणतात ते हेच. मी नोंद केली: ‘मौनभंग झाला नाही.’ मला स्वतःची लाज वाटली. (याची नोंद नाही.)

रविवारी मावशीला सांगायला मीच फोन केला.

“बरं,” ती म्हणाली. “मग कोणकोण आहे त्या यादीत? वाच बघू.”

“आता काय करायचंय वाचून?”

“वाच म्हणते ना! थंडी कोणाला वाजते ते तरी कळू दे.”

मी वाचायला लागलो. घोड्यांपाशी ती हसली. अत्तरापाशी तिने एक शिवी दिली, ती मी इथे चौकटी कंसात ठेवतो. हरितगृहापाशी म्हणाली, “थांब. परत वाच.”

“टोमॅटोची हरितगृहं, चोवीस अंश. दर चार रोपांमागे एक कामगार.”

“काचेचंच हवं असं लिहिलंय?”

मी पाहिलं. हरितगृहाची व्याख्या करायला उपगटाला वेळ मिळाला नव्हता.

“तेवीस चोक किती झाले रे?”

“ब्याण्णव.”

“ठेव फोन,” मावशी म्हणाली.

आठ दिवसांत आश्रमात दह्याचे ब्याण्णव रिकामे डबे जमा झाले आणि प्रत्येकात एक रोप लागलं. बी मावशीच्या ट्रंकेत होतं. कारखान्यातून निवृत्त होताना तिने घड्याळाऐवजी ते घेतलं होतं. तालुक्याच्या कचेरीत अर्ज गेला. कारकुनाने परिशिष्ट पाहिलं, डब्यांची संख्या पाहिली, शिक्का मारला. माणूस येऊन यंत्राचं सील तोडून चोवीसवर लावून गेला. बॉयलरच्या डोक्यावर चोवीस झाले तेव्हा खोल्यांत एकोणीस झाले. अशा रीतीने, वृद्धाश्रम हा वृद्धाश्रम राहिला नाही तेव्हा कुठे वृद्धांना कायद्याने ठरवून दिलेले एकोणीस अंश मिळाले. धोरण यशस्वी झालं, हे मान्य केलंच पाहिजे.

फेब्रुवारीत निरीक्षक आला. गोरानोव्ह नावाचा, टाय लावलेला, सज्जन माणूस. त्याने पलंगांच्या रांगा पाहिल्या, पलंगांमधल्या डब्यांच्या रांगा पाहिल्या.

“ही माणसं कोण?” त्याने विचारलं.

“कामगार,” मावशी म्हणाली.

“हे आजोबा झोपलेत.”

“पाळी संपलीये त्यांची.”

“आणि ते दुसरे काय करतायत? नुसते रोपाला हात लावून बसलेत.”

“नुसते? अहो साहेब, घरात वारा नसतो. टोमॅटोचं फूल हलवलं नाही तर फळ धरत नाही. शाळेत गेला होतात की नाही? आमच्या स्पासचा हात थरथरतो, देवाची देणगी आहे. बघा त्याची रांग!”

स्पासकाकांच्या रांगेत खरोखरच सर्वांत जास्त फळ होतं. थरथरायला लागल्यापासून पहिल्यांदा त्या हातांचा कोणाला उपयोग झाला म्हणून ते ताठ बसले होते. गोरानोव्हने रोपं मोजली. नव्वद भरली, दोन मेली होती.

“दोन कमी आहेत. म्हणजे एका माणसाचा अर्धा भाग नियमात बसत नाही.”

“कोणता अर्धा हवाय तुम्हाला?” मावशीने विचारलं. “माझा कमरेखालचा घेऊन जा, गुडघ्यांसकट.”

गोरानोव्हने तेवढं सोडून दिलं. जाताना त्याला एक टोमॅटो दिला. तो त्याने दारातच उभ्याने खाल्ला, टायवर सांडून घेतला आणि अहवालात लिहिलं: अत्यंत अनुकरणीय हरितगृह. त्या हिवाळ्यात आश्रमात एकही माणूस गेलं नाही. असं तिथे पूर्वी कधी झालं नव्हतं.

अहवाल तिथेच राहिला असता तर बरं होतं. पण चांगल्या कामाची दखल घेतली जाते, हा संघातला एक दोष आहे. यंदाच्या सप्टेंबरात तो आमच्या उपगटासमोर आला. सर्वांना कौतुक वाटलं. सरासरी ऐंशी वर्षं वयाचे तेवीस नवे कामगार! रोजगाराचे आकडे पाहून अध्यक्ष (हे नवे) खूश झाले. मग कोणीतरी छायाचित्र निरखून पाहिलं आणि विचारलं, “हरितगृहात पलंग कसे?”

मग रोपांच्या आरोग्याचा प्रश्न निघाला. माणसं रात्री श्वास सोडतात, खोकतात. रोपांवर त्याचा काय परिणाम होतो याचा अभ्यास झालेला नाही. दुष्टपणा कोणाच्याच मनात नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. अध्यक्ष माझ्याकडे वळून म्हणाले, “एखादं सुटसुटीत वाक्य घाला.”

मी घातलं. सतरा वर्षांची सवय आहे, हात आपोआप चालतो. हरितगृहात रोपांखेरीज अन्य कोणीही मुक्काम करू नये. सुरेख झालंय, असं आउलिक्कीबाईसुद्धा म्हणाल्या. एकही कंस नाही.

हे वाक्य या आठवड्याच्या सुरुवातीला मौनाला लागलं. एकाही देशाकडून अद्याप काही आलेलं नाही. ओग्न्यान म्हणतो, कोणीतरी बोलेलच. मला बोलायची परवानगी नाही. तेव्हा म्हटलं, निदान नागरिकांना विचारायची सोय आहे, ती वापरून बघावी. म्हणून मी ते तुमच्यापुढे ठेवलं. अगदी सुरुवातीलाच ठेवलं, म्हणजे तुम्हाला भरपूर वेळ मिळावा. मध्ये मावशीची ओळखही करून दिली.

तुम्ही घोड्यांपाशी हसलात. कवळीपाशीही हसलात बहुधा. टोमॅटोपाशी तुम्हाला बरं वाटलं असेल. मी कान देऊन बसलो होतो, पण ‘आक्षेप’ असा आवाज काही आला नाही. तुम्हालाही वाटलं असेल, इतके वाचक आहेत, कोणीतरी म्हणेलच.

गोष्ट संपत आली, म्हणजे मुदतही संपली. नागरिकांच्या रकान्यात मी ‘मौनभंग झाला नाही’ असं लिहून ठेवलं आहे. आज रविवार. गोर्नो पोलेत काल पहिलं दव गोठलं म्हणे. हा बघा, फोन वाजलाच.

“काय रे ल्युबेन, बोललं का कोणी?”

“नाही गं मावशी. पण सगळ्यांनी शेवटपर्यंत वाचलं.”